दीड इंचाची आई

३ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी फोनशी काडीमोड घेतल्यापासून पत्रं लिहायची सवय लागली, ते बरंच झालं. पण आजची बातमी बरी नाही. माशांच्या दुकानातली माझी नोकरी जायची वेळ आलीये.

झालं असं. आमच्याकडे क्रेफिश येतात. झिंग्यासारखं अंग आणि खेकड्यासारख्या नांग्या. त्यांची एक बुटकी जात असते, ती जन्मभर दीड-दोन इंचांचीच राहते आणि घरच्या टाकीत छोट्या माशांबरोबर गुण्यागोविंदानं नांदते. मोठी जात वीतभर वाढते आणि शेजाऱ्यांनाच खाते. मोठ्याचं पिल्लू आणि पुरता वाढलेला बुटका मात्र दिसायला सारखेच. एका निवृत्त मास्तरांना मी बुटका म्हणून जो दिला, तो मोठ्याचं पिल्लू निघाला. दोन महिन्यांत त्यानं मास्तरांचे अकरा मासे फस्त केले. मास्तर तावातावानं आले आणि माझ्या डोक्यावरून मालकांकडे बघत म्हणाले, की दुकानात कुणी मोठं माणूस नाही का. जिव्हारी लागलं गं. घरात बटण म्हणता त्याचं काही नाही, पण अठ्ठावीस वर्षांची घोडी झाले तरी गिऱ्हाइकं मला मालकांची शाळकरी लेक समजतात.

मालक म्हणाले, महिनाअखेरीस मास्तरांना दुसरा द्यायचा आणि तो मीच निवडायचा. पुन्हा चुकले तर दुसरी नोकरी शोधायची. नव्या खोक्यात दोन्ही जातींचे मिळून सतरा आलेत आणि वरच्या चिठ्ठ्या पाण्यानं धुऊन गेल्यात. रंगानं सगळे मेले सारखेच तपकिरी. तुला यातलं काय कळणार म्हणा, पण तुझ्याशिवाय रडू कुणापाशी?

लोभ आहेच, या महिन्यात थोडा जास्त असू दे.
तुझी बटण


७ ऑगस्ट

चि. बटणास,
अनेक आशीर्वाद.

तुझा तो क्रेफिश मी जन्मात पाहिला नव्हता. शेजारणीनं फोनवर चित्र दाखवलं, तर जेवणावरची वासनाच उडाली. पण मला काय कळणार म्हणालीस, ते खपवून घेणार नाही. चाळीस वर्षं शिलाई केली ती काय डोळे मिटून?

रंग बघूच नकोस. एकाच ताग्यातून बापाचा शर्ट निघतो आणि लेकाचाही. दहा वर्षांचा मुलगा आणि ठेंगणा गृहस्थ उंचीला सारखे भरले, तरी एकाचा शर्ट दुसऱ्याला होत नाही. खांदा वेगळा, मुंढा वेगळा. शिवाय मुलाचा सहा महिन्यांत आखूड होतो, गृहस्थाचा फाटेपर्यंत पुरतो. शेजारणीनं कागदावर लिहून दिलं, की हे प्राणी वाढताना अंगावरचं कवच टाकतात. मग अडलंय कुठं? प्रत्येकाला वेगळ्या बरणीत ठेव. टाकलेली कवचं वहीत चिकटव आणि मापाची टेप लाव. ज्याचं माप पळतंय ते पिल्लू.

आणि एक बायकांनाच सुचणारी गोष्ट सांगते. कुणाच्या पोटाशी अंडी दिसतात का बघ. दीड इंचाची का असेना, जी आई झाली ती पिल्लू कशी?

रडायला ये माझ्याकडे, पण आधी मापं घे.

आशीर्वाद आहेतच, कमी पडले तर कळव.
आत्या


२ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी राहिली. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

सतरा बरण्या मांडल्या. मालक म्हणाले, दुकानाचा दवाखाना केलास. कवचं चिकटवायचं मात्र जमलं नाही, कारण नवं कवच कडक व्हायला ते जुनं खातात. मग माप घ्यायची, वहीत आकृती काढायची आणि कवच परत बरणीत सोडायची. दहा जण कवच टाकायच्या एका खेपेला दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच वाढले, नांग्याही रुंद होत गेल्या. उरलेले सात होते तिथंच, नांग्या काडीसारख्या बारीक. त्यातल्या एकीच्या शेपटीखाली अंड्यांचा घोस दिसला.

मास्तर आले. सवयीप्रमाणे त्यांनी मालकांकडे पाहिलं, मालकांनी माझ्याकडे बोट केलं. मी त्या अंडीवालीची बरणी पुढे धरली आणि सांगितलं, की ही लहान नाही, ही एवढीच असते. मास्तर वाकले, चष्मा सारखा करून बराच वेळ बरणीत बघत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, की मागच्या वेळी माझं चुकलं. कशाबद्दल, ते आम्हा दोघांनाही कळलं.

आत्या, घरी येताना मला एकोणिसाव्या वर्षीचा शर्ट आठवला. पहिल्या मुलाखतीसाठी तू शिवत होतीस. आई सांगत होती, शिवणीत चांगली माया ठेवा, वाढेल अजून पोरगी. तू माझ्याकडे बघितलंस आणि कात्रीनं जादाचं कापड उडवलंस. म्हणालीस, "ही वाढून झालीये. हिला बाईमाणसाचा शर्ट हवा." डॉक्टरसुद्धा जे तोंडावर बोलले नव्हते, ते तू बोललीस. मी आठ दिवस तुझं तोंड पाहिलं नाही. पण तोवर मी मुलांच्या दुकानातलेच कपडे घातले होते गं, खिशावर ससे असलेले. माझ्या खांद्यांना बसलेला तो पहिला शर्ट. हे सांगायला मला नऊ वर्षं लागली. तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि आता रागावू नकोस हा शब्द वापरला म्हणून.

तब्येतीला जप. माझ्यासाठी जप.
तुझी बटण


६ सप्टेंबर

चि. बटणास,
अनेक आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं. मास्तर वाकले ते बरं झालं, नाहीतर मी येऊन वाकवले असते.

शर्टाचा विषय तू काढलास म्हणून सांगते. त्या दिवशी तू दार आपटून गेलीस, तेव्हा तुझी आई मला म्हणाली, की वन्सं, पोरीची आशा तरी ठेवायची होती. त्यानंतर कुणाच्याही मुलाचं कापड बेतताना मी माया वाढवूनच सोडत आले. गिऱ्हाइकं हसायची, म्हणायची, आमचा मुलगा काय हत्ती होणारे? कापडाबरोबर मी तुलाही कापलं, हे नऊ वर्षं मनातून गेलं नव्हतं.

उपकार तुझेच गं माझ्यावर. काल पहिल्यांदा वाटलं, बरोबर कापलं होतं.

आजवर जीव लावलास, तसाच लावत राहा.
तुझी आत्या