रोह्याची चेरी

११ फेब्रुवारी २०२४, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. विषय एकच.
सगुणाच्या मोबाईलवर आमच्या मुलीचा, मैनाचा मेसेज आला आहे. मार्चअखेर ओसाकाला चेरीची झाडं फुलतात, दोघांनी या, तीन महिने राहा, तिकिटं मी काढते. सगुणा दोन दिवस मोबाईलवर गुलाबी झाडं बघत बसली आहे. आमटी दोनदा खारट.
थोडक्यात, बायकोला फुलं बघायची आहेत. त्यासाठी जपान कशाला? रोहा ते पेण एवढ्या पट्ट्यात एक चेरी सापडणार नाही, हे मला पटत नाही. शोधायची, तिला दाखवायची, विषय संपवायचा.
विमानाची भीती वगैरे नाही. धाटावला केमिकल कंपनीत बत्तीस वर्षं काढली आहेत.
मैनावर रागही नाही. तिच्यासाठी कंपनीत शब्द टाकला होता, ती न विचारता ओसाकाला गेली. त्याला चार वर्षं झाली. रागावलेलो नाही. फक्त बोलत नाही.

१४ फेब्रुवारी
शेजारच्या जगनला म्हणालो, चेरी ब्लॉसम बघायला जायचंय, बाईक काढ. म्हणाला, काका, बाहेर कशाला, घरात डबी हाय, काळी पायजे का ब्राऊन? बूटपॉलिश नव्हे, झाड, असं समजावण्यात वीस मिनिटं गेली. त्याची सेकंड शिफ्ट होती, तरी आला.
कोलाड रोडला बांधावर सापडली. एकदोन नव्हे, रांगच. पान एक नाही, फांदीभर फिकट गुलाबी फुलं. मोबाईलमधल्या फोटोशी ताडून पाहिलं. तंतोतंत. तीन दिवसांत काम फत्ते. लोक उगाच अभ्यास करतात.

१५ फेब्रुवारी
सगुणाला रिक्षाने नेलं. शेताची मालकीण ठमाबाई तिथे काटक्या मोडत होती. मी सगुणाला म्हणालो, ही बघ, जपानची चेरी. ठमाबाई म्हणाली, कसली जपानची, उंदीरमारी हाय ती. पाला भातात टाकतो आमी. मी म्हणालो, तुमच्याकडे तसं म्हणत असतील. ती म्हणाली, उंदीरपण तसाच म्हणतात, मरताना.
सगुणा एवढी हसली की बांधावर बसली. मग दोघी वालाच्या शेंगांवर बोलत राहिल्या. पाऊण तास. ठमाबाईने विचारलं, मुलगी कुठे गो तुझी? सगुणा म्हणाली, लांब. फुलांकडे दोघींनीही पाहिलं नाही.
नमुना क्र. १ बाद. शेंगा चांगल्या निघाल्या.

२० फेब्रुवारी
फ्रिजवर व्हिसाचे दोन फॉर्म लावलेले दिसले. सगुणाचा भरलेला, सही केलेला. माझाही भरलेला, सही तेवढी बाकी. ४ मार्चला पाकीट जाणार.
तिचा पासपोर्ट दिवाळीतच आला म्हणे. व्हेरिफिकेशनला पोलीस घरी आला तेव्हा मी कुठे होतो, असं विचारलं. म्हणाली, झोपला होतात. साहेबच म्हणाले, उठवू नका.
माझा पासपोर्ट आहे. कंपनी ट्रेनिंगला जर्मनीला पाठवत होती तेव्हा काढलेला. ऐन वेळी कंबर धरली, म्हणून राहिलं. कंबरेचा आणि विमानाचा काही संबंध नाही.
शोधाचा वेग वाढवणे.

२६ फेब्रुवारी
पेण. गणपतीच्या एका कारखान्यामागे कंपाउंडात गुलाबी झाड. खाली सडा. डोळ्यात पाणी आलं. (धुळीमुळे.) या वेळी खबरदारी म्हणून वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक दिनानाथ सरांना सोबत नेलं होतं. त्यांनी एक फूल उचललं आणि म्हणाले, टॅबेबुया. दक्षिण अमेरिकेतलं. मी म्हणालो, म्हणजे परदेशी आहे, निम्मं काम झालं. सरांनी फूल परत खाली ठेवलं.
म्हणाले, चेरीला थंडी लागते हो. आपल्याकडे स्वेटर कपाटातच विरतो. मी म्हणालो, आमच्या कंपनीत चिलिंग प्लांट होता. ते म्हणाले, मग तिथे लावायची होतीत. मग सहज विचारलं, मुलगी तिकडेच असते ना, काय म्हणते? मी म्हणालो, मजेत. असणारच.
नमुना क्र. २ बाद. सरांचं वयही झालं आहे.

३ मार्च, रविवार
सापडली! जगनने शोधून दिली. कोलाडला हायवेवर नवीन हॉटेल झालंय, तिथे दारातच चेरी. पाटीसुद्धा आहे. सगुणाला तिखट मिसळीचं आमिष दाखवून नेलं. झाड भरगच्च फुललेलं. मी मागे उभा राहून तिचा चेहरा बघत होतो.
तेवढ्यात हॉटेलवाल्याने पाइप आणला आणि झाड धुवायला घेतलं. फांदीवरची धूळ खाली, फुलं जागच्या जागी. एक तुटलं ते त्याने पक्कडीने परत बसवलं.
सगुणा म्हणाली, चला, मिसळ निवतेय. खाताना म्हणाली, एवढी धडपड उलट्या बाजूला केली असतीत तर आतापर्यंत पोचला असतात.
काय म्हणायचं होतं कळलं नाही. मिसळ तिखट होती.

४ मार्च
जगन दहाला पाकीट न्यायला येणार होता. साडेनऊला सगुणाने फॉर्म समोर ठेवला. म्हणाली, करायची तर करा, नाय तर नाय म्हणा. मधे लोंबत ठेवू नका. मी म्हणालो, पेन चालत नाही. तिने दुसरं दिलं. तेही चालू होतं.
मी वाचल्याशिवाय सही करत नाही. बत्तीस वर्षांची शिस्त. वाचायला घेतला. ‘जपानमध्ये कोणाकडे राहणार’ याच्यापुढे मैनाचं पूर्ण नाव होतं, माझं नाव मधे. तिथे जरा वेळ लागला.
मान वर केली तेव्हा जगन गेला होता. पाकिटात एकच फॉर्म.
सगुणा तांदूळ निवडत होती. घाई तिनेच केली.

२२ मार्च, शुक्रवार
सगुणा गेली. विमानतळापर्यंत गेलो नाही, गाडीत जागा नव्हती. (ती, जगन, दोन बॅगा.)
निघताना म्हणाली, मैनाला काय सांगू? पुष्कळ सुचलं. म्हणालो, पोह्याचे पापड वर ठेव, मोडतील.

२८ मार्च
सगुणाचा फोन. विचारलं, फुलं कशी आहेत? म्हणाली, अजून कळ्याच आहेत. मी म्हणालो, बघ, एवढ्या लांब जाऊन उपयोग काय झाला? ती म्हणाली, अहो, फुलं बघायला आलंय कोण?
म्हणजे मी म्हणत होतो तेच. फुलांसाठी जायची गरज नव्हतीच.
भात करपला.

२ एप्रिल, दुपारी १
व्हिडिओ कॉल. सगुणामागे झाड पांढरंगुलाबी, अस्सल. उंदीरमारीसारखंच दिसतं, हे नोंदवून ठेवतो. सगुणाने न विचारता फोन मैनाकडे दिला.
चष्मा लागलाय तिला. म्हणाली, बाबा.
मी म्हणालो, नेटवर्क नाही.
ती म्हणाली, बाबा, मला स्पष्ट ऐकू येतंय. मी परत म्हणालो, नेटवर्क नाही. तिने चष्मा काढून पुसला. मला ती अगदी स्वच्छ दिसत होती. मी कॉल बंद केला.
परत आला नाही.

३ एप्रिल
मोबाईल दुकानात नेला. त्या पोराने तिथल्या तिथे माझ्या नंबरवर कॉल लावून दाखवला. वाजला. म्हणाला, काका, फोनला काय झालेला नाय.
उद्या नागोठण्याला दुसऱ्या दुकानात दाखवणार.