एम. जी.ने देवळासमोर गुडघा टेकला त्याची हकिकत

वटार, ता. वसई
२२ एप्रिल १९७९

ती. फर्डिनंडदादास,

बेसिलचा नमस्कार. मार्गारेटवहिनींना आम्हा सर्वांची आठवण सांग. इकडे सगळे खुशाल आहोत. माझा दमा आहे, पण तो घराण्यात माझ्याआधीपासून असल्यामुळे त्याला आजार म्हणता येत नाही. लिव्हरपूलच्या थंडीत तुझा गुडघा धरतो हे वाचून वाईट वाटलं. मे महिन्यात तू गावी येतोस आणि आल्या दिवशी आपली एम. जी. गाडी काढून अर्नाळ्याला जाणार, हे वाचून आनंद झाला. (आनंद झाल्यावर मी बराच वेळ ओट्यावर नुसता बसून होतो.) तेव्हा गाडीबद्दल दोन शब्द लिहिणं भाग आहे.

अकरा वर्षांपूर्वी विलायतेला निघताना तू किल्ली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, आठवड्यातून एकदा तरी फिरव. मी शाळामास्तर. सांगितलेलं मी विसरत नाही, करत नाही एवढंच. दर नाताळला मी तुला "गाडी उत्तम आहे" असं लिहीत आलो. खरं पाहता ती केळीच्या वाडीत झापांच्या मांडवाखाली उभी होती आणि तिच्या सीटवर आमच्या कोंबड्यांच्या तीन पिढ्या वाढल्या. (कोंबड्या मात्र उत्तम होत्या.)

गेल्या डिसेंबरात गावच्या सणाला प्रवचनासाठी एक वृद्ध फादर येणार होते. त्यांना सोपारा स्टेशनवरून टांग्याने आणावं असं सभेत ठरत होतं आणि माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्याकडे विलायती गाडी आहे. एकदा बोललो म्हटल्यावर कोंबड्यांना हलवलं, गाडी धुतली, नवी बॅटरी बसवली, आणि ती चालू झाली. फादरना घेऊन मी थाटात गावात शिरलो. देवळासमोर बँड वाजत होता, नवे कपडे घालून सगळा गाव उभा होता. मी वळण घेतलं मात्र, पुढचं डावं चाक आडवं झालं आणि गाडीने नाक जमिनीला लावलं. बँड थांबला. दोन-तीन म्हाताऱ्यांनी क्रुसाची खूण केली. फादर सावकाश उतरले, झगा झटकला आणि म्हणाले, "मास्तर, देवळासमोर गुडघा टेकणारं वाहन मी पहिल्यांदाच पाहिलं." मग प्रवचनात त्यांनी नम्रतेचं उदाहरण म्हणून वीस मिनिटं तुझी गाडी घेतली. माझं नाव त्यात आलं नाही.

चाक ज्या खुंटीवर वळतं ती किंगपिन झिजून तुटली होती. तिच्याभोवतीचा बुश तर शिल्लकच नव्हता. उजवीकडची पिनही तुटायच्या बेतात होती. हे सगळं विलायतेत मिळतं हे मला ठाऊक होतं. तुला एक ओळ लिहिली असती तर काम झालं असतं. पण अकरा वर्षं उत्तम असलेल्या गाडीला एकाएकी किंगपिन कशाला हवी, असं तू विचारलं असतंस. म्हणून मी तुटके तुकडे रुमालात बांधून मुंबईला ऑपेरा हाऊसला गेलो. तिथे मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. पहिल्या दुकानदाराने पिन पाहिली, हातात घेऊन कुरवाळली आणि शेजारच्या चार दुकानदारांना दर्शनाला बोलावलं. मला चहा मिळाला, पिन नाही. दुसरा फियाटची पिन देत होता. थोडी घासली की बसेल, म्हणाला. तिसऱ्याने विचारलं, गाडी विकता का. अशा मी सात शनिवारी खेपा घातल्या. आता तिथे मला "एम. जी. मास्तर" म्हणून ओळखतात, आणि चहा न विचारता येतो.

त्यातल्याच एकाने पत्ता दिला. घोलवडला एरचशा नावाचे पारशी बागायतदार आहेत, त्यांच्याकडे हीच गाडी आहे म्हणे. मी गेलो. गृहस्थ ऐंशीच्या घरातले. चिकूच्या झाडाखाली आरामखुर्चीत बसले होते. मी रुमाल सोडला तसे त्यांचे डोळे पाणावले. "सात वरस झाला, मी तुमचीच वाट बघते," म्हणाले. मला वाटलं, काम झालं. मग त्यांनी आत जाऊन आपला रुमाल आणला. त्यातही डावीकडची तुटकी किंगपिन होती. आम्ही दोघं दोन रुमाल मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसलो. निघताना त्यांनी एक करंडा चिकू दिले. चिकू फार गोड होते.

घरी आलो तेव्हा सौ. मटिल्डाने (ती अडीच महिने हा प्रकार एक शब्द न बोलता पाहत होती) रुमाल उचलला, भाजीच्या पिशवीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी गोखिवऱ्याला गेली. तिथे बळीराम म्हणून एकजण लेथ चालवतो, मच्छीमारांच्या होड्यांच्या इंजिनांची कामं करतो. त्याने तुकडे जुळवून मापं घेतली आणि म्हणाला, "ह्यात कठीन काय हाय, बाय? लोखंडाची खुंटी नि पितळेचं कडं." खुंटी त्याने एका मोडीतल्या ट्रकच्या आसातून काढली आणि बुश अर्नाळ्याच्या एका जुन्या होडीच्या पंख्यातून. चार दिवसांत दोन्ही बाजू बसवून दिल्या. मी त्याला म्हटलं, अरे, ही इंग्रजी गाडी आहे, इंच वेगळे असतील. तो म्हणाला, "गाडीला विचारा."

गाडीने काही तक्रार केली नाही. आज सात आठवडे ती रोज धावते आहे. बळीरामकडून आणखी एक जोड करून घेऊन मी एरचशांना पाठवली. त्यांचं पत्र आलं, त्यात नुसतं "थँक यू" आहे आणि खाली शाईचा मोठा डाग आहे. तेव्हा दादा, निर्धास्त ये. या वर्षी प्रथमच खरं लिहितो, गाडी उत्तम आहे.

तुझा धाकटा भाऊ,
बेसिल

ता. क. : "रोज धावते" असं वर लिहिलं आहे. ती मी चालवतो असं लिहिलेलं नाही, हे कृपया पुन्हा वाचून पाहा.

ता. क. २ : पिन बसवली त्या दिवशी मी शाळेत होतो. बळीरामला कुणीतरी स्टिअरिंगवर बसलेलं हवं होतं, म्हणून मटिल्डा बसली. तिथून उठलीच नाही. तिने ठाण्याला जाऊन लायसन्स काढलं, तेही पहिल्याच खेपेला. (मला तीन लागल्या होत्या.) आता रोज सकाळी ती आपल्या आळीतल्या नऊ बायकांची मोगऱ्याची आणि भाजीची ओझी दोन खेपांत स्टेशनवर पोहोचवते. सालोमीआत्या आजवर डोक्यावर टोपली घेऊन निघायची. तिची मान आता सरळ झाली आहे आणि ती सर्वांच्या तोंडाकडे बघून बोलते, त्यामुळे गावात थोडी भांडणं वाढली आहेत.

ता. क. ३ : सोबत गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचा फॉर्म जोडला आहे. नाव मटिल्डाचं घातलं आहे. हे पत्र लिहायचं खरं कारण एवढंच. ते वर कुठेतरी लिहावं म्हणून मी पाच पानं जागा शोधली.

ता. क. ४ (हे मी, मटिल्डा, लिहिते) : दादा, ह्यांनी फार लांबण लावली. सही करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. नाही केलीत तरी राग नाही, गाडी तुमची आहे, आल्यावर किल्ली हातात देईन. पण सही केलीत तर अर्नाळ्याला मी नेईन, दहानंतर, टोपल्या उतरवून. तुम्ही गुडघा सांभाळून शेजारी बसा.