घंटीचं गिऱ्हाईक

बाबा,

गेल्या आठवड्यात नागपूरच्या विमानतळावर मी घंटीचं गिऱ्हाईक झाले. तुमच्या टपरीवर उभं राहून लोकांना शिस्त लावू पाहणारी तुमची थोरली, ती मी. घरात कोणाला सांगावं तर आधी घंटी म्हणजे काय ते समजावत बसावं लागेल, आणि तोवर गोष्टीतली मजा जाईल. न समजावता कळणारे तुम्ही एकटेच होता. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली, म्हणून लिहिणं भाग पडलं.

पांढरकवड्याच्या एस.टी. स्टँडवरची ती टपरी आजही मला डोळे मिटून लावता येईल. पुढे रेवड्या आणि गोळ्यांच्या बरण्या, वर दोरीला फण्या, शिट्ट्या, रबरी बदकं, मागे बिस्किटांचे पुडे. आदिलाबादची गाडी दहा मिनिटं थांबायची. गाडी लागताच उतरणारे लोक निवांत असत. ते चार वस्तू हाताळत, नावं ठेवत, भाव करत. पण कंडक्टरनं घंटी मारली की खिडकीशी डुलक्या घेणारा एखादा माणूस दचकून खाली उडी मारायचा, धावत यायचा आणि हाताला लागेल ते उचलायचा. त्याला तुम्ही घंटीचं गिऱ्हाईक म्हणायचात. त्याला काही विचारायचं नाही, कोणासाठी हे तर मुळीच नाही, आणि कागद नवा वापरायचा, रद्दीचा नाही, हा तुमचा नियम.

तो नियम मी एकदाच मोडला. कॉलेजची सुट्टी आहे, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे मला सगळं कळतं. तुम्ही पाणी आणायला गेलेले. घंटी होते, एक माणूस धापा टाकत येतो आणि रबरी बदक उचलतो. मी विचारते, "लेकरू किती वर्षांचं आहे? फार लहान असेल तर तोंडात घालेल हे." तो माझ्याकडे बघतो, बदकाकडे बघतो, बदक खाली ठेवतो आणि रिकाम्या हातानं गाडीत जाऊन बसतो. तुम्ही कळशी घेऊन परतताना हे पाहिलंत. गाडी गेल्यावर कळशी खाली ठेवून म्हणालात, "काहून विचारलं तुनं?"

"मी त्याच्या लेकराच्या भल्यासाठीच विचारलं."

"त्याले लेकरू हाय का नाही, तुले काय मालूम? तो बदक नोहता घेऊन राह्यला. घरात कोणत्या तोंडानं जाऊ, याच्यावरचा इलाज घेऊन राह्यलता. अन् तू त्याले शाळा शिकवून राह्यली."

मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. पुढे चौतीस वर्षं खरोखरच शाळेत शिकवलं आणि विचारायची सवय काही सुटली नाही.

आता धाकटीचं सांगते. नऊ वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं लग्न होतं. मुलगी हुशार, एम.एस्सी. अर्धवट सोडून बोहल्यावर चढवलेली. मांडवात रुखवत मांडलं होतं, साखरेची तुळस, मण्यांचा मोर, सगळे वाहवा करत होते. मी विहीणबाईंच्या देखत म्हटलं, "मोर कशाला? पोरीची परीक्षा तरी मांडायची होती इथे." मला ते खरं वाटत होतं, अजूनही वाटतं. धाकटी त्या दिवसापासून माझ्याशी बोलायची बंद झाली. ती मुलाकडे बंगळुरूला राहायला गेली तेही मला दुसऱ्यांकडून कळलं. गेल्या महिन्यात तिच्या नवऱ्याचा, तुमच्या जावईबापूंचा, फोन आला. "बाई, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती काही तुम्हाला बोलावणार नाही. पण तुम्ही या." दार उघडून ती मला आत घेईल की नाही, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मी आईच्या पद्धतीनं, मोहरी फेसून, आंब्याचं लोणचं घातलं. धाकटीचा जीव त्या लोणच्यावर. मला नागपूरला सोडणारा गाडीवाला वाटेत दोनदा म्हणाला, "काकू, बरणी मोठ्या बॅगेत टाका, हातात नाही नेऊ देत." पण मी एस.टी.च्या टपावर बरण्या फुटताना पाहिलेल्या, आणि बॅगेतून गळणारं तेलही पाहिलेलं. बरणी मी मांडीवरच घेणार. तपासणीच्या पट्ट्यावरून पिशवी पलीकडे गेली आणि वर्दीतल्या बाईनं मला बाजूला घेतलं.

"मॅडम, अचार अलाउड नहीं है."

"अचार नाही, लोणचं आहे," मी म्हटलं.

हे मी अगदी गंभीरपणे म्हटलं, बाबा. मागच्या रांगेतले चार जण हसले. लोणचं तिथेच राहिलं.

मग मी रिकाम्या हातानं दीड तास दुकानांसमोर बसून राहिले, आणि सांगते, तुम्ही असतात तर जागचे उठला नसतात. आपलंच स्टँड, फक्त गारेगार. लोक संत्रा बर्फीचे डबे चार-चार घेतात, जणू उतरल्या गावी अन्नच मिळणार नाही. एक गृहस्थ दोन्ही मनगटांवर वेगवेगळी अत्तरं फवारून, हुंगून, काही न घेता ऐटीत निघून गेले. मानेभोवती घालायची बैलाच्या जुवासारखी एक उशी मिळते, ती एका नवऱ्यानं बायकोला घालून पाहिली आणि दोघं हसत सुटली. एक जण फोनवर चॉकलेटचा डबा दाखवत विचारत होता, "निळा का लाल? अगं, नीट बघ ना." आयुष्यात यशस्वी कसं व्हावं याची पुस्तकंही खपतात, ती घेणारे कपड्यांवरून आधीच यशस्वी दिसत होते. मी मनातल्या मनात सगळ्यांना गुण देत होते. बहुतेक नापास.

इतक्यात माझंच नाव मोडूनतोडून पुकारलं गेलं. शेवटची सूचना. मी पहिली आलेली आणि गुण देण्यात रमून शेवटची राहिलेली. उठले, चार पावलं दाराकडे गेले आणि थांबले. धाकटीच्या दारात मी उभी आहे आणि माझ्या हातात काही नाही, हे मला लख्ख दिसलं. मी मागे वळून अक्षरशः धावले. समोरच्या दुकानात आपल्या जंगलातल्यासारखे कापडी वाघ रचून ठेवले होते. हात घातला.

गल्ल्यावरची पोरगी आपल्याकडच्या राजूरची निघाली, बोलण्यावरून ओळखलं. "कोणासाठी घेऊन राह्यल्या काकू? नातवासाठी?"

"विचारू नये," मी म्हटलं.

"नाही विचारत. पळा तुम्ही, विमान सुटून राह्यलं तुमचं!"

बंगळुरूला दार जावईबापूंनी उघडलं. धाकटी मागे वॉकर धरून उभी. केस पिकले आहेत तिचे, आणि रागावली की हनुवटी तुमच्यासारखीच पुढे येते. मग ती माझ्या पिशवीकडे बघत म्हणाली, "लोणचं नाही आणलं?"

"आणलं होतं. विमानतळावर ठेवून घेतलं."

"तुलेच ठेवून घ्यायले पाह्यजे होतं त्यायनं."

जावईबापू घाईघाईनं चहा टाकायला गेले. मी वाघ काढून दिला. तिनं तो उलटा केला, शेपूट ओढून पाहिलं. "बासष्ट वर्षांची हावो मी, बाई."

"माहीत आहे."

"अन् हे कायले?"

हे मात्र विचारायलाच हवं होतं तिनं. मी म्हटलं, "मांडवात बोलले, ते चुकलं."

"बोलली ते खोटं नोहतं," ती म्हणाली. "पण विहिणीसमोर बोलली तू. घरी नेऊन मले दोन थापडा मारल्या असत्या तर ऐकून घेतलं असतं मी." मग वाघ कडेवर घ्यावा तसा घेऊन खुर्चीत बसली, आणि वर न बघता म्हणाली, "एम.एस्सी. झाली पोरीची. दोन वर्षं झाली. तुले कळू नाही द्यायचं, असं ठरवलं होतं मी."

आम्ही इतक्या हसलो की तिचा गुडघा दुखायला लागला.

चार दिवस राहून काल परतले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, पत्ता नाही. वहीत राहील. तरी नोंद करून ठेवते. धाकटीच्या हाती दिलं ते असं: कापडी वाघ एक, डावा डोळा किंचित खाली लागलेला, 'चुकलं' हा शब्द, एकदा, आईच्या लोणच्याची कृती, कागदावर लिहून, मोहरी किती फेसायची त्यासकट. तिनं तिन्ही घेतली.

तिला एवढंच सांगितलेलं नाही की दुकानात मी वाघ दोन घेतले होते. दुसरा इथे वहीशेजारी बसला आहे; कोणासाठी, ते तुम्ही विचारणार नाहीच.