अंगठ्याआडचं अस्वल

प्रिय बारके,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. रागावून लिहीत नाही, हे आधीच सांगते. रोज संध्याकाळी तुझा नंबर लावते, रिंग पूर्ण वाजते आणि मग ती बाई सांगते की समोरची व्यक्ती उत्तर देत नाही. ते मला तिने सांगायला नको, मला कळतंच आहे. तुझ्या मास्तरांचं प्लास्टर कधी निघणार, मांडीचे टाके सुकले का, झोपेत दचकून उठणं थांबलं का, हे सगळं मला तुझ्या जावेकडून समजतं. सख्ख्या बहिणीची खुशाली जावेकडून घ्यायची वेळ आली माझ्यावर. ती बिचारी दर वेळी सांगते आणि दर वेळी म्हणते, मी सांगितलं म्हणून सांगू नका हं.

इकडे अभयारण्यात ओढ्याकडचा भाग बंद ठेवलाय, त्यामुळे दुपारी मला चक्क रिकामा वेळ मिळतो. टेबलाशी बसले आहे. समोर ओले बूट वाळत टाकलेत, किटलीतला चहा दुसऱ्यांदा गरम केलाय, आणि खिडकीतून फाटकापाशी उभे असलेले लोक दिसताहेत. आत सोडणार नाही असं स्वच्छ लिहिलेली पाटी आहे. तरी ते उभे आहेत. त्यातला एक जण पाटीला टेकून फोटो काढून घेतोय. दमले गं मी. पाय दुखण्याची सवय झाली, त्याचं काही नाही. पण एवढी वर्षं एकच वाक्य बोलून बोलून तोंड दुखायला लागलंय: जरा मागे व्हा. परवा एका बाईंनी मला विचारलं, अस्वल साधारण किती वाजता येतं? जसं काही मीच त्याला वेळ दिलीय. एक गृहस्थ झोपलेल्या हरणाकडे बोट दाखवून म्हणाले, याला जरा उठवता येईल का, इतक्या लांबून आलोय. आणि कालच्या आईने तर कमाल केली. पोराला सांबराच्या शेजारी उभं करून स्वतः मागे मागे सरकत होती, दोघं एका चौकटीत यावेत म्हणून. बघ, मागे सरकायला येतं लोकांना. फक्त कुणी सरकायचं तिथे गल्लत होते.

तुला आठवतं, मला ही नोकरी लागली त्या वर्षी तू सुट्टीत माझ्याकडे राहायला आली होतीस? तुझे दात पडलेले, दोन वेण्या, आणि अखंड बडबड. आईने तुला माझ्या गळ्यात मारून सुटकेचा निःश्वास टाकला होता. मी नवीन, साहेबांना घाबरणारी, आणि तुला सांभाळून फेरी मारायची म्हणजे तारांबळ. तेव्हा तुला मी अंगठ्याची युक्ती शिकवली. हात पूर्ण लांब करायचा, अंगठा उभा धरायचा, एक डोळा मिटायचा. जनावर सगळंच्या सगळं अंगठ्याआड गेलं तर अंतर ठीक. कान, शेपूट, पाठ, काहीही बाहेर डोकावलं की मागे सरायचं, मावेपर्यंत सरायचं. तुझा अंगठा केवढासा, त्यामुळे तू माझ्याहून दुप्पट लांब उभी राहायचीस आणि मला म्हणायचीस, ताई, तुझा अंगठा जाडा आहे म्हणून तू चीटिंग करतेस. मग घरी गेल्यावर तू सगळ्यांवरच अंगठा धरायला लागलीस. गणिताच्या बाईंवर धरलास. प्रगतिपुस्तक आलं त्या दिवशी अंगणाच्या टोकाला जाऊन बाबांवर धरलास, आणि ते अंगठ्यात मावले तेव्हाच गुण सांगितलेस. बाबा चिडायचे सोडून हसायला लागले होते. ते तसे हसलेले मी फार वेळा पाहिले नाहीत.

बाहेरची माणसं निदान पाटी वाचून न वाचल्यासारखं करतात. आपली माणसं पाटी वाचतच नाहीत. मामा आले तेव्हा साखळी ओलांडून सरळ आत गेले, आणि अडवलं तर म्हणाले, अगं मी परका आहे का? आतेभावाने पोरांना सांगून ठेवलं होतं, आत्याचं जंगल आहे, काही होत नाही. माझं जंगल! इथे मला चहाचा कप साहेबांना विचारून बदलावा लागतो. पण हे नात्याचं खूळ कसं काढायचं ते मला कधी जमलं नाही. मी गणवेशात असले की हसतात, आणि गणवेश काढून सांगितलं तर म्हणतात, आता तर ड्युटी संपली ना.

मास्तर मात्र त्यांच्यातले नव्हते. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. आई आजारी होती तेव्हा त्यांनी शिकाऊ मुलांचे तास मागेपुढे करून तिला दर आठवड्याला दवाखान्यात नेलं. त्या शिकवणीच्या गाडीतून, डोक्यावर ‘शिकाऊ चालक’ची पाटी असलेल्या. आई मागे बसून म्हणायची, सगळे आपल्याला बघून लांब राहतात, छान आहे हे. जन्मभर लोकांना ते एकच शिकवत आले: समोरच्या गाडीपासून अंतर ठेवा, ब्रेक लागायला जागा ठेवा. तेच मी शिकवते. आम्ही दोघं यावर किती हसलोय. म्हणून तर अजून माझ्या डोक्यात हे नीट बसत नाही.

त्या सकाळी मी मनोऱ्यावर होते, हे तुला माहीत आहे. तुम्हाला जमिनीपासून उंच बांधलेल्या फळ्यांच्या वाटेवर सोडून मीच वर चढले, कारण कानतुटी अस्वलीण पिल्लाला घेऊन ओढ्याकडे उतरलेली दिसली होती आणि ती कुठे वळते ते बघायचं होतं. बाकीची मंडळी वळणापलीकडे पुढे गेलेली. तुम्ही दोघंच कठड्याला टेकून. ती खाली झुडपांत रानफळं ओरबाडत होती, पिल्लू तिच्या मागे लुडबुडत होतं. फार छान दिसत होती. मला वाटलं, बरं झालं, बारकीला दिसली. आणि मग मास्तर सफाईवाल्यांसाठी ठेवलेल्या त्या छोट्या शिडीवरून खाली उतरले. हातात फोन, पाठ अस्वलाकडे, तोंड तुझ्याकडे. मी शिट्टी वाजवली. त्यांनी वर बघून मला हात केला. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसल्यावर करतात ना, तसा, आनंदाने. ते अजून दोन पावलं मागे गेले. ती उठून उभी राहिली, फुसकारली, एकदा नुसती धावून येऊन थांबली. तिथे ते थांबले असते तर ती फिरली असती. ते पळाले. पुढचं तुला मी काय सांगणार? मी पायऱ्या उतरून येईपर्यंत ती पिल्लाला घेऊन गेली होती आणि तू त्यांना फळ्यांवर ओढून घेतलं होतंस. तुझी ओढणी त्यांच्या मांडीला दोघींनी मिळून बांधली, गाठ तू मारलीस.

त्यांनी जबाबात काय सांगितलं ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळलं. अस्वल फळ्यांच्या वाटेवर चढून आलं आणि त्याने पाठीमागून झडप घातली. बारके, मी त्यांच्यावर चिडले नाही, खरंच. माणूस शुद्धीवर येतो, भोवती नातेवाईक, पोलीस, आणि जबाब लिहून घेणारं एक पोरगं विचारतं, सर, तुम्ही खाली उतरला होतात का? ज्याने हजार जणांना अंतर ठेवायला शिकवलं त्याने हो कसं म्हणायचं? एकदा नाही म्हटलं की मग तेच खरं धरून चालावं लागतं. मला त्यांची लाज समजते. तुझी भीतीही समजते. तू फोनवर म्हणालीस, ताई, तिला संपवा, त्याशिवाय मला झोप लागणार नाही. तो आपला शेवटचा फोन. मी हो म्हटलं नाही. तुला वाटलं, मला तुझ्यापेक्षा अस्वल जवळचं.

तसं नाही गं. पण इथला नियम तुला सांगायलाच हवा. माणूस खाली उतरला असेल तर चूक माणसाची. वाट काही महिने बंद ठेवायची आणि जनावराला त्याच्या जागी राहू द्यायचं. जनावर माणसांच्या वाटेवर चढून आलं असेल तर ते पुन्हा येईल असं धरतात आणि त्याला मारतात. मधलं काही नाही. पिल्लू एवढंसं आहे, आईशिवाय थंडी काढणार नाही. कानतुटीला मी तिच्या आईमागे धावताना पाहिलंय. इतक्या वर्षांत ती कुणाच्या वाटेला गेली नाही. माणसं दिसली की स्वतःच वाट सोडायची, माझ्यापेक्षा तिला गर्दीचा जास्त कंटाळा.

मी माझा जबाब दिला. जे दिसलं ते सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि मग चष्मा काढून म्हणाले, बाई, तुम्ही जखमीच्या नात्यातल्या, आणि नोकरी जंगलाची. तुमचं म्हणणं ना त्यांच्या बाजूने धरता येतं, ना विरुद्ध. बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. एवढी वर्षं नातेवाईकांना सांगत आले की इथे नातं चालत नाही, आणि शेवटी ते माझ्याच जबाबाला लागू झालं. माझ्या शेजारच्या खोलीत एक नेमबाज येऊन राहिलाय. सरकारी माणूस, शांत, सकाळी मला गुड मॉर्निंग म्हणतो, कप धुऊन ठेवतो. त्यालाही हे काम नकोय, पण हुकूम आला की करणार. काल त्याने संकोचत विचारलं, बरोबर कोण येईल? इथे तीन-चार अस्वलं आहेत, चुकून दुसरी नको मारली जायला. तिचा तुटका कान लांबून ओळखणारी इथे मीच एक आहे. म्हणजे हुकूम आला तर त्याच्याबरोबर मीच जायचं, आणि ही ती म्हणून बोट मीच दाखवायचं.

साहेब गुरुवारी तुझ्या घरी येणार आहेत, तुझा जबाब घ्यायला. बायको म्हणून तुझं नातं माझ्याहून जवळचं, पण तू तिथे त्यांच्या शेजारीच होतीस, तुला वगळता येत नाही. नवऱ्याच्या विरुद्ध बायको सांगत असेल तर ते धरतात, असं ते म्हणाले. म्हणून हे पत्र. तू काहीही सांगितलंस तरी मी तुझी ताईच आहे, हे घर तुझंच आहे, आणि मास्तरांना मी कधी एका शब्दाने टोचणार नाही. पण माझ्या जबाबात मी एक गोष्ट सांगितलेली नाही, ती तुझी आहे म्हणून तुझ्यासाठी ठेवली. माझ्याकडे दुर्बीण होती, बारके. मास्तर शिडीवर पाय ठेवत होते तेव्हा तू उजवा हात लांब केलास, एक डोळा मिटलास आणि अंगठा उभा धरलास. पंचेचाळीस वर्षांची बाई, पर्स खांद्याला, आणि दात पडलेल्या पोरीसारखी अंगठा धरून उभी. मग तू घाईने मास्तरांचा शर्ट मागून पकडलास. ते हसले आणि तुझा हात सोडवून खाली उतरले. तू त्यांना अडवलं होतंस. तुझं ऐकलं नाही त्यांनी. माझं तर रोजच कुणी ऐकत नाही, मला ते कसं लागतं ते माहीत आहे. गुरुवारी साहेबांना फार काही सांगू नकोस. अस्वल अंगठ्याआड मावत नव्हतं, एवढंच सांग. त्यांना कळलं नाही तर हात लांब करून दाखव.

तुझीच,
ताई