दोन सीटांची हौस

सुकापूर, पनवेल
४ ऑक्टोबर २०२५

चि. भावेश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, ती आधी ऐकून घे. तुझं पत्र माझ्या हातात यायच्या आधी नाकात आलं. पोस्टमनने ते मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसं चिमटीत धरून आणलं, आणि सोसायटीतली मांजरं त्याच्यामागून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली. करंजाच्या बंदरावर बोंबील वाळवणं हा तुझा कुलधर्म आहे आणि ते चापून खाणं हा माझा. पण सुकटीच्या ढिगावर कागद टेकवून पत्र लिहू नये, एवढा शिष्टाचार एकुलत्या एका मेहुण्याकडून अपेक्षिला तर तो अतिरेक होतो का? फोन का करत नाही, असं विचारशील. फोन तुझी ताई उचलते, आणि या पत्रातला मजकूर तिच्या कानावर जाता कामा नये.

तर मजकूर असा की दसऱ्याच्या मुहूर्तावर ललिताने मला गाडी घेतली. साधी नव्हे, स्पोर्ट्स कार. जो मनुष्य शाळेत संस्कृत शिकवतो, शाळेत चालत जातो, आणि ज्याला रिक्षा व टेंपो यांतला फरक फक्त भाड्यावरून कळतो, त्याला! हळदी-लग्नांना तांदळाच्या भाकऱ्या पुरवून तिने साठवलेलं सगळं त्यात गेलं असावं. मी विचारलं नाही. गाडी एका बिल्डरच्या चिरंजीवांनी वापरून टाकलेली आहे, आणि वापरली म्हणजे काय ते डोकं टेकायच्या उशीवर अजून दिसतं. तिथे केसांच्या तेलाचा असा थर आहे की दिवाळीत पणत्या लावता येतील. सीटखाली च्युइंगगम वाळून शाळिग्राम झालेलं आहे. आत अत्तराचा वास, आणि अत्तराखाली कशाचा तरी वास, जो लपवायला ते अत्तर मारलं होतं. रंग लाल; पान खाऊन कुणी नुकतंच थुंकावं तसा. आवाज म्हणजे पहाटे सार्वजनिक नळावर कुणीतरी घसा साफ करतंय.

आत बसायचं तर आधी शवासन, मग गुडघे छातीशी. जन्मापूर्वी मी असा बसलो असेन, पण तेव्हा मला छत्री न्यायची नव्हती. चालवते ललिता; मी शेजारी छत्री मांड्यांमध्ये उभी धरून बसतो. सोसायटीच्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं तेव्हा माझंच सोलल्यासारखं वाटतं. गल्लीतले लोक तिच्या काचेत बघून दात कोरतात. मला या वस्तूची किळस येते, भावेश, आणि हे मी पूर्ण विचारांती लिहितो आहे.

आता काम. बिल्डर दिवाळीपर्यंत गाडी परत घ्यायला तयार आहे. पण परत द्यायची तर ललिताला सांगावं लागेल, आणि तिचा चेहरा मी पाहिला आहे. किल्ली हातात देताना ती म्हणाली की तुमची ही लग्नाआधीपासूनची हौस, तुमच्या खोलीत भिंतभर गाड्यांची चित्रं होती ती मी विसरले नाही. अरे, माझ्या खोलीच्या भिंतीवर धातुरूपांचा तक्ता होता आणि ओल होती. बाकी काही नव्हतं. तू तिचा लाडका. तिचं मन न मोडता ही ब्याद परत जाईल असं काहीतरी तिच्या गळी उतरव.

भामाला आणि मुलांना आशीर्वाद. माया आहेच, ती वासासकट स्वीकारतो.

तुझा भावजी,
अविनाश

*

करंजा, उरण
८ ऑक्टोबर २०२५

ती. अविनाश भावजींस, भावेशचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र ओट्यावर बसून, हात साबणानं धुऊन लिहितोय. तरी वास आला तर तो दर्याचा, माझा नाय.

भावजी, तुमचं पत्र वाचून भामा आणि मी इतके हसलो की शेजारीण बघायला आली. अहो, ती भिंत माझी! आमच्या जुन्या घरात, चुलीच्या पलीकडची. मी शाळेत असताना सलूनवाल्याकडची जुनी मासिकं मागून आणायचो आणि त्यातल्या गाड्या कापून भाताच्या चिकानं भिंतीला लावायचो. चिकाला झुरळं लागली, आमच्या आईनं, बायनं मला झाडूनं मारलं, आणि ताई मधी पडली म्हणून दोन फटके तिलापण बसले. ती लाल गाडी माझ्या बरोबर डोक्याशी होती. आता ताईनं माझी हौस तुमच्या नावावर चढवली. काय बोलायचं! लग्नाला इतकी वर्षं झाली की नवरा काय आणि भाऊ काय, सगळा एकच गोंधळ वाटत असंल बायकांना.

गाडी परत द्या असं मी ताईला सांगणार नाय. सांगवणारच नाय. दसऱ्याला तिनं मला सकाळी फोन केला, तुमचा चेहरा कसा उजळला ते सगळं सांगितलं. दुपारी परत फोन केला आणि परत पहिल्यापासून सगळं सांगितलं. इतका आनंद झालाय तिला. तुमी फक्त गप बसा आणि बसल्यावर चेहरा उजळत ठेवा. अगदीच नको असंल तर माझ्या दारात लावा, मी तिच्यात बोंबील भरून बाजारात नेईन, मंग तुमाला खरा वास कळंल.

या रविवारी दोघं या. गाडी दाखवा. चिंबोऱ्या चांगल्या मिळतायत सध्या, भामा भरलेल्या करणार हाय.

ताईला सांभाळा. आमच्यावर रागवायचं तर जेवून रागवा.

तुमचा,
भावेश

*

सुकापूर
१६ ऑक्टोबर २०२५

चि. भावेश यास आशीर्वाद, पण यावेळी उत्तम नाहीत, नुसतेच.

रविवारचं जेवण अप्रतिम झालं, हे न्यायाला धरून आधी नोंदवतो. जाताना आम्ही उरणचा फाटा चुकून थेट बंदराच्या कंटेनरांच्या रांगेत शिरलो होतो, आणि लाल गाडीत छत्री धरून बसलेला मास्तर पाहून ट्रकवाल्यांची करमणूक झाली. ललिता म्हणाली की एवढे पूल बांधलेत की माहेरचा रस्ताही ओळखू येत नाही. ते खरंच आहे, पनवेलमध्ये सध्या कुणालाच काही ओळखू येत नाही.

आता प्रकरणाकडे वळतो. सोमवारी गाडीत थोडा वास आला. मी तो बिल्डरच्या चिरंजीवांच्या खाती टाकला. मंगळवारी वास आमच्या आधी गाडीत बसलेला होता. ऑक्टोबरचं ऊन तुला माहीत आहे. बंद गाडीत ते कढईसारखं साचतं. मी उदबत्ती लावली. त्यानंतर मेलेल्या देवळासारखा वास येऊ लागला. सोसायटीचे सेक्रेटरी बळीराम पाटील नाकाला रुमाल लावून आले आणि इंजिनात घूस मेली असणार असा निर्णय देऊन गेले. बुधवारी गाडीच्या पुढच्या फटीतून काळपट पाणी ठिबकू लागलं आणि त्यावर माश्यांनी सभा भरवली. वरच्या मजल्यावरच्या अंकिता वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या. ललिता त्याही अवस्थेत मला फेरफटक्याला चला म्हणत होती. मी गेलो. शाळेच्या दारापर्यंत श्वास धरला, पुढे धरवेना.

शेवटी बिल्डरचा ड्रायव्हर आला. त्याने पुढचं झाकण उघडलं आणि स्वतःच दूर पळाला. मला वाटलं होतं तिथे इंजिन असतं. तिथे तुझं पोतं होतं, भावेश! तुझ्या चिंबोऱ्या, भले थोरले खेकडे. त्यांचं वर्णन मी करणार नाही. माझ्याकडे संस्कृत आहे, पण संस्कृतालाही सीमा आहेत. एवढंच सांगतो की त्यांचे नांगे बांधलेले होते आणि बाकी काहीच एकत्र राहिलेलं नव्हतं. मी कुंपणाशी जाऊन ओकलो. मग पोत्याला बांबूने ढकललं आणि परत ओकलो.

थट्टा आवडते मला. पण न सांगता, न विचारता, दुसऱ्याच्या गाडीत जिवंत प्राणी कोंबून ठेवायचे ही थट्टा नव्हे. ललिता तर भयंकर चिडली. पोत्याबद्दल तुम्ही कुणी आपल्याला एक अक्षर बोलला नाहीत, असं ती आईची शपथ घेऊन म्हणाली. तुमच्या हौसेच्या वस्तूची माझ्या माहेरच्यांनी घाण केली, असं म्हणून रडली. आणि यंदा भाऊबीजेला मी त्याला ओवाळणार नाही, त्याने येऊच नये, असं तिने ठरवलं आहे. असं तिने कधी केलेलं नाही. तेव्हा मुकाट्याने फोन कर आणि माफी माग.

यावेळी लोभ जरा बेतानेच ठेवतो आहे.

अविनाश

*

करंजा
१८ ऑक्टोबर २०२५

ती. भावजींस नमस्कार विनंती विशेष.

हे पत्र टेंपोवाल्या अंकुशच्या हातात देतोय. तो तुमच्याच हातात देईल, ताईच्या नाय, तसं बजावलंय.

माफी मागितली. काल फोन केला, ताईला बोललो की पोतं मीच चोरून ठेवलं, मस्करी केली, चुकलो. ती आधी रडली, मंग बोलली भाऊबीजेला लवकर ये. तेव्हा ते मिटलं.

पण भावजी, ते तसं झालं नाय.

तुमी आत बायबरोबर चहा पीत होता. भामानं चिंबोऱ्यांचे नांगे बांधून पोतं बाहेर आणलं. मी बोललो मागं ठेव. ताई आमाला हसली. बोलली, तुमाला काय कळतंय, ह्या गाडीचं इंजिन मागं आणि डिकी पुढं. तिनंच चावी लावून पुढचं झाकण उघडलं. तिनंच पोतं आत ठेवलं, वर ओलं गोणपाट टाकलं, आणि भामाला बोलली की भावजींना सांगू नको, रात्री सार करून चकित करते. मी तिला निघताना काचेतून परत बोललो की घरी गेल्या गेल्या काढ, नायतर मरतील. ती हो बोलली. ते मला स्पष्ट आठवतंय.

पहिल्यांदा मला राग आला. मी भामाला बोललो, ताई खोटं बोलते. भामा बोलली, ताई कधी खोटं बोलल्यात काय? मंग मी तुमचं पत्र परत काढलं.

परवाच, तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी, ताईचा फोन होता. रागाचा नाय, साधा. मला विचारत होती की यंदा चिंबोऱ्या नाय का मिळाल्या, तू एकपण पाठवली नायस. मला वाटलं टोमणा मारते. आता तुमचं पत्र दहा वेळा वाचलं. तो टोमणा नव्हता, भावजी.

आणि ती भिंत. ताई तिथंच झोपायची, माझ्या बाजूला. तिनं माझ्यासाठी मार खाल्ला होता. ते कसं विसरंल माणूस?

तुमी शिकलेले हाव. काय ते तुमीच सांगा.

तुमचा,
भावेश

*

सुकापूर
२० ऑक्टोबर २०२५

चि. भावेश यास अनेक उत्तम आशीर्वाद. आधीच्या पत्रात जे राखून ठेवले होते तेही यात धर.

अंकुश खाली टेंपो लावून थांबला आहे, म्हणून भराभर लिहितो. तुझ्या पत्राला यावेळीही सुकटीचा वास होता. मी ते बराच वेळ नाकाशी धरून बसलो होतो.

तू न केलेल्या गुन्ह्याची माफी मागितलीस. मीही काल तसंच केलं, कधी नसलेली भिंत माझीच म्हणून कबूल केली. गाडी धुऊन आली. वास गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. फिनेलच्या खाली चिंबोरी आणि चिंबोरीखाली बिल्डरचा मुलगा, असे थर आता मला ओळखू येतात. ललिता खट्टू होऊन म्हणाली की नकोशी झाली ना तुम्हाला, देऊन टाकू. हीच संधी होती. मी तिला म्हणालो की लहानपणापासून भिंतीवर चिकटवलेली गाडी कुणी अशी देऊन टाकतं का? तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास. मग मी विचारलं की ती लाल गाडी नेमकी कुठे लावली होती. ती चटकन म्हणाली, तुमच्या डोक्याशी, आणि भाताच्या चिकाला झुरळं लागली म्हणून तुमच्या आईने मला फटके मारले. भावेश, माझी आई आमच्या लग्नाआधीच गेली. तिने ललिताला पाहिलंही नव्हतं.

गोष्टी इतरही आहेत. गव्हाणच्या हळदीच्या भाकऱ्या तिने परवा चिरनेरला पाठवल्या. घराची किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली, तेव्हा मी तिला चिडवलं की भाकऱ्यांत घालून वाढ. ती हसली नाही. डब्यात पुन्हा पुन्हा हात घालून बघत राहिली, जणू आणखी काही हरवलेलं तिथे मिळेल.

गाडी मात्र ती झकास चालवते. हात काही विसरलेले नाहीत. रस्ता तेवढा विसरतात. तो मी सांगतो. डावीकडे, उजवीकडे, आता सरळ. छत्री मांड्यांमध्ये, खिडकी उघडी, आणि मी वासात बसून दिशा सांगतो. तिला वाटतं मी हौसेने बोलतोय. रोज जातो. कालपासून मोटार ट्रेनिंगच्या वर्गातही नाव घातलं आहे. शिकवणारा गृहस्थ बोलताना तंबाखूचे शिंतोडे उडवतो आणि क्लचला कच म्हणतो. त्याचीही मला किळस येते. पण हातही विसरू लागतील त्या दिवशी दोघांपैकी एकाला तरी चालवता यायला हवी.

भाऊबीजेला नक्की ये. चिंबोऱ्या आण, ताईच्या हातात दे आणि तिच्यासमोर चुलीवर चढेपर्यंत हलू नकोस. दुसऱ्या दिवशी तिला पनवेलला डॉक्टरांकडे न्यायचं आहे. माझ्या गुडघ्यासाठी जातोय असं तिला सांगितलं आहे, आणि या गाडीत बसून बसून ते पुरतं खोटंही उरलेलं नाही. ती माझ्या गाडीनेच जायचं म्हणते. त्यात दोनच सीटा आहेत. तू टेंपो घेऊन मागून ये.

मागून येशील तर बरं होईल. गाडीची मला भीती नव्हती कधी, नुसती किळस होती. आता भीती वाटते. तिने तुझी भिंत मला दिली. एक दिवस मीच तिला कुणीतरी दुसरा वाटेन, आणि त्या दिवशी तिच्या शेजारी बसून रस्ता सांगणारा हा मनुष्य कोण, हे तिला कसं सांगायचं, ते मला येत नाही.

माया असू दे, भावेश. मला लागेल.

तुझा,
अविनाश