चालू आहे, फक्त दिसत नाही

४ मार्च
कॉलेज सोडल्यापासून बाबा बोलत नव्हते. आज त्यांनी आपणहून माझ्या वाडग्यात बदकाची तंगडी टाकली. शिनचूच्या एका कंपनीत नोकरी लागली. वरिष्ठ लाओ फान, पोट सुटलेला, जिभेला हाड नाही. पहिल्याच तासाला माझं नाव ‘आ-खाय’ करून टाकलं. कंपनीचा हिशेबाचा प्रोग्रॅम जुना. स्क्रीन असल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि मशीनला स्क्रीन नाही. म्हणून त्याला आतल्या आत एक खोटी स्क्रीन द्यायची. बिचारा तिच्यावर खिडक्या उघडतो, बटणं दाबतो, बघणारं कुणी नाही. बघायचंच असेल तर त्या स्क्रीनचा फोटो आपल्या फोनवर मागवायचा. लाओ फान म्हणाला, चालू असतो रे, फक्त दिसत नाही, तुझ्या अकलेसारखा.
प्रत्येक मशीनवर मक्याच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवलाय. हिरवा असला की मशीन शहाण्यासारखं वागतं. पिवळा चालत नाही, आणि ठेवलेला कुणी खात नाही. एवढं आमच्या आईलाही ठाऊक आहे.

६ मार्च
पेइ-यून उत्तर देत नाही. तिच्या वर्गातल्या त्या चष्मेवाल्याला मी बडवला, कॉलेज सुटलं ते त्यापायीच, आणि ती म्हणे मलाच घाबरते. जीव टाकतो मी तिच्यावर. आज गुपचूप त्या खोट्या स्क्रीनवर गप्पांचा प्रोग्रॅम चढवला, माझ्या नावाने. रोज सकाळी तिला ‘नाश्ता केलास का’ आपोआप जाईल. विरघळेलच.

१० मार्च
वाचते, पण उत्तर नाही. डोकं फिरलं. मशीनला लाथ घातली, वरचा हिरवा पुडा फोडून अख्खा खाल्ला. कोपऱ्यावरच्या दुकानात हिरवे संपले होते, पिवळा आणून ठेवला. लाओ फान रजेवर आहे म्हणून, नाहीतर सोलून काढला असता.

११ मार्च
उत्तर आलं. कालच्या गप्पांनी खूप हसले म्हणते.
मी काल बोललोच नाही.
फोटो मागवला. माझ्या नावाने लांबलचक गप्पा. मी चष्मेवाल्याची माफी मागितली आहे म्हणे. शेवटी तिचं वाक्य: तू आधी असा का नव्हतास.

१३ मार्च
प्रोग्रॅम बंद केला. खोटी स्क्रीनही काढून टाकली. स्क्रीन गेली की प्रोग्रॅम कोसळायला हवा.
तरी फोटो आला. आता ती आणि माझ्या नावाचा तो व्हिडिओवर बोलतात. त्याच्या अंगात माझा निळा शर्ट. त्या मशीनला कॅमेरा नाही.

१५ मार्च
तैपेईला तिच्या घरी गेलो. तिने साखळी लावूनच दार किलकिलं केलं, फोन कानाला. फोनमध्ये म्हणाली, तू म्हणालास तस्साच आहे, तुझाच चेहरा घेऊन आलाय. मी दाराला लाथ मारली. मग म्हणाली, हो, लाथही मारली.
त्याने आधीच सांगून —

१६ मार्च
हिरवा पुडा ठेवला. काही नाही. मशीनची वायर उपटली — दिवे चालूच. मशीनच्या खोलीचं दार आतून माझ्या कार्डाने उघडत नाही.
काचेपलीकडे लाओ फान. फोनवर. हसतोय. ओठांवरून कळतं — आ-खाय, आज किती मऊ बोलतोस रे. मी काच बडवतो. तो काचेत बघतो, केस सारखे करतो, जातो.
माझ्या फोनवर आपोआप फोटो येताहेत. पेइ-यून विचारते, तो आता कुठे असेल —
उत्तर उमटतंय. एकेक अक्षर —
चालू आहे तो. फक्त आता कुणाला दिस