न फुटलेली सुपारी

प्रिय छबू,

तुला, मला आणि आपल्यासारख्या कितीतरी लेकींना लग्नाआधी कुणी एका शब्दानं विचारलं नाही. आपण आत पोहे करत होतो आणि बाहेर पुरुषांनी सुपारी फोडली.

उन्हाळ्यात आमच्या वाशीच्या घरी माझ्या दीपालीच्या लग्नाची बैठक होती. मी गल्लीतल्या बारा आयांना आधीच आणून बसवलं आणि म्हणाले, सुपारी फुटायच्या आधी लेक बोलेल. माझे सासरे तडकले, "पोरीला काय इचारायचं?"

त्या बाराजणींतल्या, शेळ्या राखणाऱ्या कोंडाबाई म्हणाल्या, "आण्णा, शेळी बी दावं ताणून न्हाय म्हणती. ही तर बारावी शिकलीय." पाहुणेसुद्धा हसले.

एक गोष्ट फक्त तुला सांगते. मुलगा मला फार आवडला होता. लेकीला विचारा, अशी गावोगाव भाषणं करणारी मी, मनातून होकाराचीच वाट पाहत होते. दीपाली माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "आई, मला आधी नर्सिंग पूर्ण करायचंय." काळजात चर्र झालं, आणि लगेच अभिमानानं ऊर भरून आला. माझी लेक मलाही नाही म्हणू शकली.

सुपारी तशीच उचलून ठेवली. त्यानंतर गल्लीतल्या चार घरांत बैठक अशीच झाली. एकीनं हो म्हटलं, तेव्हा बाराही आया तिच्या वरातीत नाचल्या.

तुला आलेलं पत्र आधी भाऊजी वाचतात, म्हणून हे लिहिलं तरी टपालात टाकत नाही. रविवारी तुझ्याकडे लोहाऱ्याला येऊन सगळं तोंडानंच सांगेन. त्यानंतरच्या गुरुवारी तुझ्या अर्पिताची बैठक आहे. तिला मध्ये बसव, विचार, आणि ती बोलेपर्यंत तू गप्प राहा.

तुझ्या बाजूला बसायला येणारी,
आक्का